पकडलेल्या सापाचें अन्नपाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणीचा तालुका आहे. कापसाचीं शेतें, मधून मधून सागाचें रान आणि कोलामांचे पोड अशी ही भूमि. मृगाचा पाऊस पडून बेडकांचा ओरडा सुरू झाला कीं बांधाच्या गवतांतून हातभर लांबीचा एक साप बाहेर निघतो. अंगाचा रंग मातकट, पाठीवर काळ्या आडव्या खुणा, आणि शेपटीपर्यंत गेलेले दोन पिवळसर पट्टे. हीच नानेटी. तिला विष नाहीं, चावण्याची खोड नाहीं. कोणा मुलानें उचलून हातावर घेतली तरी ती बहुधा निमूटपणें सोसते; फार चिडली तर मान चपटी करून खवल्यांमधली तांबूस-निळी त्वचा दाखविते, आणि तेवढ्यावर तिचा राग संपतो. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं तिचें नामकरण केलें, तेव्हां रोमन कुलस्त्रियांच्या पायघोळ वस्त्रावरून त्यानें तें नांव योजलें. त्याच ग्रंथांत अमेरिकेंतील एका पट्टेदार सापाचेंही नांव आहे. पायमोजा बांधण्याच्या पट्टीवरून तिकडचे लोक त्याला गार्टर साप म्हणतात. दोघांचें कूळ एकच. नानेटी अंडीं घालते आणि गार्टर जिवंत पिलें देतो, एवढा मोठा भेद सोडला तर राहणी व आहारही पुष्कळ सारखा.

पाळण्याच्या बाबतींत मात्र दोघांचें दैव वेगळें. अमेरिकेंतील मुलें पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकांठचा गार्टर पकडून कांचेच्या पेटींत ठेवीत आलीं. महाराष्ट्रांत नानेटीला कोणी हौसेनें घरीं आणल्याचें सहसा ऐकूं येत नाहीं. तिच्या वांट्याला काठी तरी आली किंवा दुर्लक्ष तरी. कैद घडली ती नागाला, आणि तीही हौसेपायीं नव्हे, तर पोटासाठीं, देवासाठीं व पुढें औषधासाठीं. पण रानांतून आणलेला साप कशावर जगतो, हा प्रश्न या तिन्ही ठिकाणीं फार उशिरा विचारला गेला.

पोटासाठीं साप बाळगणारा तो गारुडी. चपट्या टोपलींत वेटोळें घालून बसलेला नाग झांकण निघतांच फणा काढून उभा राहतो, आणि पुंगीच्या स्वरावर डोलतो असें पाहणाराला वाटतें. वस्तुतः सापाला बाहेरचे कान नाहींत. हवेंतून येणारा स्वर त्याला फार अंधुक कळतो. समोर हलणाऱ्या भोपळ्यावर नजर ठेवून, स्वतःच्या बचावासाठीं तो डोलत असतो. गारुडी बहुधा त्याचे विषारी दांत मोडून टाकी. ते कांहीं आठवड्यांनीं पुन्हां येतात, म्हणून पुन्हां मोडावे लागत. तोंडांत जखम, जखमेंत पू, त्यामुळें खाणें बंद, असा क्रम ठरलेला. असे पुष्कळ नाग थोड्याच महिन्यांत मरत, आणि रिकाम्या टोपलींत रानांतला नवा नाग येई.

आणि दुधाचें काय? साप हा सस्तन प्राणी नव्हे. दूध हें त्याचें अन्नच नाहीं व तें त्याला पचतही नाहीं. नागपंचमीपूर्वीं कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंबही मिळूं दिला जात नसे. तहानेनें व्याकूळ झालेला जीव समोर येईल तें पितो, आणि भाविक गृहिणीला आपला नैवेद्य पावला असें वाटतें. तेंच दूध श्वासनलिकेंत शिरलें म्हणजे फुप्फुसें सुजून साप मरतो. वाटीभर पाणी ठेवलें असतें तर भागलें असतें!

गारुड्याला सारा दोष देऊन मोकळें होतां येत नाहीं. त्याची टोपली हीच त्याची शेती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ‘शिकार’ या शब्दांत प्राणी पकडण्याचाही समावेश केला आणि ती टोपली बेकायदा ठरली. तिच्या बदल्यांत दुसरा धंदा मात्र त्या कायद्यानें त्याच्या हातीं दिला नाहीं.

देवासाठीं नाग पकडण्याची रीत सांगली जिल्ह्यांत, मोरणेच्या कांठच्या बत्तीस शिराळ्यास, पुष्कळ काळ चालत आली. कथा अशी सांगतात कीं गोरक्षनाथ भिक्षेस आले असतां एका घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करण्यांत गुंतली होती. जिवंत नागाची पूजा करशील काय, असें नाथांनीं विचारलें. तिनें होकार दिला, आणि तेव्हांपासून गांवांत जिवंत नाग पुजला जाऊं लागला. दंतकथेचा काळ ठरविणें व्यर्थ आहे. पण त्या रीतीमागचें कसब खरें होतें. पंचमीच्या कांहीं आठवडे आधीं गांवची मंडळी रानांत फिरत, नागाचा माग ओळखीत, बीळ जपून उकरीत आणि नाग धरून मडक्यांत ठेवीत. मडक्याच्या तोंडाला फडकें बांधलें जाई. दांत काढण्याची तेथें रीत नव्हती असें गांवकरी आग्रहानें सांगत, आणि सण झाला कीं नाग पुन्हां रानांत सोडला जाई. गारुड्याच्या टोपलीपेक्षां हें मडकें शतपटीनें बरें. अंधार, गारवा आणि अंगाला चहूंकडून लागणारी मातीची भिंत, म्हणजे जवळजवळ बीळच.

वाईट होती ती मिरवणूक. वाजंत्र्यांचा दणदणाट, हजारोंची गर्दी, तासन्‌तास उघड्यावर धरून ठेवलेला नाग; बिळांत राहणाऱ्या प्राण्याला याहून मोठी शिक्षा सुचविणें कठीण. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें, २००२ पासून न्यायालयाचे आदेश निघत राहिले, आणि जिवंत नागांच्या त्या मिरवणुकीला आळा बसला. शिराळकरांना तें फार लागलें. इतरत्र नाग दिसतांच काठी उचलली जाते, आम्ही त्याला हात जोडतों. मग गुन्हेगार आम्हीच कसे, हा त्यांचा सवाल हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. २०२५ सालीं केंद्र शासनानें केवळ शिक्षणाच्या हेतूनें, मर्यादित संख्येनें नाग पकडण्यास तेथें परवानगी दिली, ती याच वादाचा एक टप्पा म्हणून.

औषधाची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. १८९५ च्या सुमारास काल्मेत या फ्रेंच संशोधकानें सर्पविषावरील लस सिद्ध केली. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोंचावयाच्या व त्याच्या रक्तांतून लस काढावयाची. म्हणजे विष हवें, आणि विषासाठीं जिवंत साप हवेत. मुंबईस १८९९ मध्यें प्लेगच्या संशोधनासाठीं निघालेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचें नांव धारण करणारी परळची संस्था पुढें हें काम करूं लागली. रोगट, उपाशी सापापासून विष तें किती मिळणार? येथें सापाची प्रकृति प्रथमच माणसाच्या स्वार्थाशीं जुळली. तामिळनाडूंतील इरुळ जमातीनें १९७८ सालीं सहकारी संस्था काढून हा हिशेब आणखी पुढें नेला. कायद्यानें धंदा बुडालेले हे साप पकडणारे लोक परवान्यानें साप आणतात, मडक्यांत सुमारें तीन आठवडे ठेवतात, तेवढ्यांत चार वेळां विष काढतात आणि त्याला रानांत सोडून देतात. महाराष्ट्रांतल्या गारुड्याला अशी वाट कोणी दाखविली असती तर!

आतां नानेटीकडे वळावयाचें. एखाद्या मुलानें ती बरणींत घालून घरीं आणलीच, तर तिला काय लागेल? दूध नव्हे, अंग बुडेल एवढें स्वच्छ पाणी, लपावयास अंधारी सांद, एका बाजूस ऊब व दुसऱ्या बाजूस गारवा. अन्न म्हणजे बेडूक आणि लहान मासे. गार्टर पाळणाऱ्यांना येथेंच एक विलक्षण अनुभव आला. केवळ माशांवर ठेवलेले साप कांहीं महिन्यांनीं झटके येऊन मरूं लागले. कित्येक जातींच्या माशांत ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारें एक द्रव्य असतें. पोट भरलेलें असूनही साप त्या सत्त्वावांचून मरत होते. बेडूक द्यावेत तर त्यांच्याबरोबर जंत येतात. रानांतल्या सापाच्या पोटांत ते आधींच असतात. मोकळेपणीं तो ते सोसतो, कोंडल्यावर त्यांचा जोर वाढतो. पुष्कळ साप तर पकडल्यापासून अन्नाला तोंडच लावीत नाहींत. कांचेवर नाक घांसून घांसून रक्तबंबाळ करून घेतात. अशा सापाला बळेंच भरविण्यापेक्षां लौकर सोडून देणें हाच एक उपचार, आणि तोही जेथून आणला त्याच जागीं. परक्या रानांत सोडलेला साप ओळखीचें बीळ व पाणी शोधीत भटकतो, आणि त्या भटकंतींत बहुधा रस्त्यावर किंवा काठीखालीं सांपडतो. म्हणून झरी जामणीच्या बांधावरून उचललेली नानेटी संध्याकाळच्या आंत त्याच बांधाच्या गवतांत परत गेलेली बरी.