कॉकपिटपुरता अखत्यार

१ मे १९६१ रोजी फ्लोरिडातील मॅरेथॉनहून की वेस्टकडे निघालेले नॅशनल एअरलाइन्सचे विमान एका सशस्त्र प्रवाशाने क्यूबाकडे वळविले, तेव्हा अमेरिकेच्या कायद्यात विमान पळविणे असा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अध्यक्ष केनेडी यांच्या सहीने हवाई चाचेगिरीस देहान्तापर्यंतची शिक्षा ठरली. परंतु शिक्षा फर्मावणे निराळे आणि बंदोबस्त ठेवणे निराळे, आणि या बंदोबस्ताचा भार कोणी वाहावा याचा निकाल पुढील चाळीस वर्षांत सरकारने मनापासून केलाच नाही. वैमानिकाच्या हाती पिस्तूल आले ते, माझ्या मते, या दिरंगाईच्या पोटीच.

विमान कंपन्यांना झडती नकोच होती. गिऱ्हाईक बिथरेल आणि वेळापत्रक कोलमडेल या धास्तीने त्यांनी शरणागतीचा शिरस्ता पाडला. अपहरणकर्ता सांगेल तिकडे विमान न्यावे आणि माणसे सुखरूप परत आणावीत, असे हे धोरण इतके अंगवळणी पडले होते की, क्यूबाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा मार्गांवरील विमानांतही हवानाच्या विमानतळाचे नकाशे बाळगले जात. नोव्हेंबर १९७२ मध्ये मात्र सदर्न एअरवेजचे विमान बळकावणाऱ्या तिघांनी ते टेनेसीतील ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली, आणि मग ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. तरीही हुकूम सरकारचा आणि खर्च कंपनीचा, अशीच ही तजवीज असल्याने, तपासणीचे काम कमी दराने ठेका घेणाऱ्यांकडे आणि त्यांच्या तुटपुंज्या पगारावरील माणसांकडे गेले, ते २००१ पर्यंत तसेच राहिले.

त्या जुन्या शिरस्त्यात वैमानिकाने करावयाचा प्रतिकार म्हणजे जागा सोडून निघून जाणे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून गेलेले पॅन ॲमचे विमान कराचीच्या विमानतळावर उभे असता सुरक्षारक्षकांच्या वेषातील बंदूकधारी आत घुसले, तेव्हा हवाई सेविकांकडून इशारा मिळताच कॉकपिटमधील तिघेही छतातील झडपेतून बाहेर पडले. चालविणाराच उरला नाही म्हणून विमान जागचे हलले नाही. परंतु मागे राहिलेल्या प्रवाशांपैकी कित्येकांना, आणि त्यांना वाचविताना हवाई सेविका नीरजा भनोत यांना, प्राणास मुकावे लागले. या माघारीला कोणी पळपुटेपणा म्हणेल, पण मला ते पटत नाही, कारण ती त्या काळच्या शिकवणीप्रमाणेच होती.

११ सप्टेंबर २००१ रोजी ही शिकवण एका सकाळीत निकामी झाली. त्या दिवशी चार विमानांचे आठही वैमानिक प्राणास मुकले, आणि त्यांच्या मारेकऱ्यांना विमान कोठे उतरवायचेच नव्हते. संकटसमयी प्रवासी विमान पाडण्याची मुभा लढाऊ विमानांना असेल, तर तत्पूर्वी शेवटचा प्रतिकार करण्याची संधी आम्हांस का नसावी, असा सवाल वैमानिकांच्या संघटनांनी केला, आणि त्याला सरळ उत्तर देणे कोणासही सोपे नव्हते. नव्यानेच स्थापन झालेल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे प्रमुख जॉन मॅगॉ यांनी मे २००२ मध्ये सेनेटपुढे वैमानिकांना पिस्तूल देण्याच्या या मागणीस साफ नकार दिला. परंतु लोकप्रतिनिधींनी त्यांना जुमानले नाही. जुलैत प्रतिनिधीगृहाने ३१० विरुद्ध ११३ आणि सप्टेंबरात सेनेटने ८७ विरुद्ध ६ अशा बहुमताने कौल दिला, आणि २५ नोव्हेंबर २००२ रोजी अध्यक्ष बुश यांच्या सहीने तो कायदा झाला.

जॉर्जियातील ग्लिन्को येथे एप्रिल २००३ मध्ये ४४ वैमानिकांची पहिली तुकडी तयार झाली. त्यांना संघराज्याच्या अधिकाऱ्याची सनद मिळाली, पण अखत्यार मात्र कॉकपिटपुरता. दाराबाहेर प्रवाशांत दंगा झाला तरी पिस्तूल घेऊन तिकडे धावण्याची त्यांना परवानगी नव्हती. पिस्तूल बाहेर न्यायचे झाल्यास ते म्यानात सारून, म्यानाच्या छिद्रातून कुलपाचा दांडा चापाजवळून ओवावा लागे. कॉकपिटच्या अपुऱ्या जागेत, विमान उतरविण्याच्या घाईत, हे हाताळणे किती नाजूक, हे मार्च २००८ मध्ये दिसून आले. डेन्व्हरहून शार्लटकडे येणाऱ्या यूएस एअरवेजच्या विमानात पिस्तूल ठेवता ठेवता वैमानिकाकडूनच गोळी सुटली आणि विमानाची भिंत भेदून गेली. कोणास इजा झाली नाही, हे सुदैव.

मला अधिक बोचते ते निराळेच. ही माणसे प्रशिक्षणास जात ती स्वतःच्या रजेत, राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः सोसून. पिस्तूल, काडतुसे आणि शिक्षक सरकारचे, पण वेळ आणि पैसा वैमानिकाचा. राज्याने आपल्या कर्तव्याचा भार आधी कंपनीवर आणि मग एकेका स्वयंसेवकावर टाकावा, हे मला न्याय्य वाटत नाही. एप्रिल २००३ पर्यंत कॉकपिटची दारे मजबूत झाली खरी. पण वैमानिक शौचालयास जाण्यासाठी दार उघडतो, त्या अवधीत कित्येक विमानांत हवाई सेविका जेवणाची ढकलगाडी आडवी लावून उभी राहते, आणि त्या जागी दुसरा कायमचा अडसर असावा ही वैमानिकांची जुनीच मागणी होती. नव्याने बांधल्या जाणाऱ्या प्रवासी विमानांना तो सक्तीचा करणारा सरकारी नियम निघाला २०२३ च्या जूनमध्ये. पूर्वीपासून उडत असलेली विमाने त्यातून वगळली आहेत.