'तमस'ची भिवंडी

'तमस' म्हटलं की १९४७चा पंजाब आठवतो. पण ती कादंबरी सुचली भिवंडीत.

७ मे १९७० रोजी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इथे दंगल पेटली. त्यानंतर 'तमस'चे लेखक भीष्म साहनी थोरले भाऊ बलराज यांच्यासोबत भिवंडीत आले. जळकी घरं, ओस पडलेल्या गल्ल्या. ज्या गावाला यंत्रमागांच्या खडखडाटाशिवाय झोप लागत नाही, तिथे माग मुके पडलेले. हे आपण आधी पाहिलंय, असं त्यांना वाटलं. मार्च १९४७च्या दंगलग्रस्त रावळपिंडीत त्यांनी काँग्रेसच्या मदतकार्यात काम केलं होतं. दिल्लीला परतून ते लिहायला बसले. १९७५ साली 'तमस'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली.

जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींचं 'तमस' दूरदर्शनवर आलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. हे पाहून लोक पुन्हा भडकतील, असं याचिकाकर्त्याचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही मालिका थांबवली नाही.

तरी ती भीती मला खोटी वाटत नाही. लोकांच्या जखमेवर सिनेमा उभा करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) झोपडी तुटलेली एक बाई त्यांनाच सुनावते, की गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार. पटवर्धनांनी ते कापलं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण बाईचा सवाल तिथे मिटत नाही.

निहलानींना तोच सवाल लावून पाहा. त्यांच्या मालिकेच्या सुरुवातीच्या प्रसंगात ना जमाव आहे, ना घोषणा. एका कोंदट खोलीत नत्थू चामडेवाला घामाघूम होऊन डुकराशी झटतोय. डुक्कर मरता मरत नाही. पुढची दंगल याच डुकरावरून पेटते. काम एका ठेकेदाराने दिलंय, कादंबरीतल्या मुराद अलीने. तिथे नत्थूची मजुरी पाच रुपये. आणि कादंबरीच्या शेवटी शांततेच्या घोषणा देत गावभर फिरणाऱ्या बसमध्ये तोच मुराद अली बसलेला असतो. निहलानी रक्तावर रेंगाळत नाहीत, दंगल घडवणाऱ्या हातापर्यंत जातात. म्हणून 'तमस' मला प्रेक्षकाचा गैरफायदा घेणारं वाटत नाही.

दंगलीवरचा पुढचा सिनेमा पाहाल, तेव्हा त्यात मुराद अली दिसतो का, तेवढं जरूर बघा.