‘नो सिग्नल’ : मॉनिटरच्या केबलचा थोडा इतिहास

डहाणूच्या घरी बसून थिसिसचं लिखाण करायचं ठरवलं तेव्हा मी एक जुना, ऑफिसात वापरलेला २४ इंची मॉनिटर विकत घेतला. एका पडद्यावर पेपर, दुसऱ्यावर स्वतःचं लिखाण. ज्यांनी एकदा असं काम केलंय, त्यांना पुन्हा एका पडद्यावर येणं जमत नाही. मॉनिटरच्या मागे दोनच पोर्ट होते, एक व्हीजीए आणि एक डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपला एचडीएमआय आणि टाइप-सी. डहाणू रोडहून गाडी पकडून वापीला गेलो, एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल घेतली. घरी आल्यावर दोन्ही टोकं व्यवस्थित बसली. पडद्यावर आलं, ‘नो सिग्नल’.

केबल परत घेऊन गेलो. दुकानदाराने ती त्याच्या कॉम्प्युटरला आणि भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दाखवली. चित्र लख्ख! “सर, केबल ओके आहे.” आणि तो खरंच बरोबर होता. केबल चांगली, मॉनिटर चांगला, लॅपटॉप चांगला, तरी पडदा काळा. हे कोडं सोडवायला मला इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा इतिहास जास्त उपयोगी पडला, म्हणून हा लेख. संशोधनाची तयारी करणाऱ्यांपैकी बरेच जण आता घरी दुसरा पडदा लावतात आणि हाच फेरा मारतात.

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, २,०४८ शब्दांची स्मृती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. या यंत्राला कॅथोड-रे ट्यूबचा पडदाही जोडला होता, त्यावर आलेख आणि अक्षरं दिसत. म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरचा पडदा ही गोष्ट आपल्याकडे साठ वर्षांहून जुनी आहे. पण ‘कोणती केबल घेऊ?’ हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नसणार. यंत्र बांधणारे आणि पडदा जोडणारे एकाच प्रयोगशाळेतले लोक. तार कुठून कुठे जाते आणि तिच्यातून काय जातं, हे त्यांनीच ठरवलेलं.

प्रश्न सुरू होतो तो कॉम्प्युटर एका कंपनीचा आणि मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा झाल्यावर. तेव्हापासून केबल म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन कंपन्यांमधला करार. किती पिना, कोणत्या पिनेवर काय, किती व्होल्ट, किती वेगाने, हे सगळं त्यात आधीच ठरलेलं असावं लागतं. प्लगचा आकार हा त्या कराराचा फक्त शिक्का. शिक्का जुळला म्हणून आतला मजकूर जुळतोच असं नाही, आणि माझी वापीची एक फेरी नेमकी इथेच वाया गेली.

आता एक गंमत बघा. आपल्याला वाटतं की आधी सगळं अॅनालॉग होतं, मग डिजिटल आलं. मॉनिटरच्या बाबतीत हे खरं नाही. आयबीएमच्या पीसीबरोबर १९८१ मध्ये आलेली सीजीए आणि १९८४ ची ईजीए या दोन्ही पद्धती रंग डिजिटल पाठवत. सीजीएत रंगासाठी चार तारा, प्रत्येक तार चालू किंवा बंद, म्हणून रंग २ × २ × २ × २ = १६. ईजीएत सहा तारा, म्हणून ६४. हिशोब सरळ आहे, पण इथेच अडचण दिसते. रंग वाढवायचे तर तारा वाढवा. लाखो रंग हवे असतील तर १८-२० तारांचा दोरखंड मॉनिटरमागे लोंबणार.

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या मालिकेबरोबर व्हीजीए आणलं आणि चक्क डिजिटलकडून अॅनालॉगकडे पाऊल टाकलं. लाल, हिरवा, निळा यांना एकेक तार, आणि प्रत्येक तारेवर ० ते ०.७ व्होल्टमधली कोणतीही पातळी. तीन तारांत हवे तेवढे रंग. त्या वेळच्या व्हीजीएची रंगपेटी २,६२,१४४ रंगांची होती. आपण ‘मागासलेलं’ तंत्र म्हणतो ते त्या वर्षी पुढचं पाऊल होतं. इतिहास लिहिताना हे नेहमी तपासा. नंतर जिंकलेल्या तंत्राच्या चष्म्यातून आधीचा निर्णय बघितला की तो उगाच चुकीचा वाटतो.

व्हीजीएची निळी, तीन ओळींत १५ पिनांची केबल तुम्ही पाहिलीच असेल. २००० नंतर गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, तेव्हाच्या जाड पाठीच्या मॉनिटरांना ती बऱ्याचदा कायमची जोडलेलीच यायची. केबल निवडायची नसतेच, अशी आपल्या पिढीची समजूत झाली ती त्यामुळे. अॅनालॉग असल्याचे तोटेही त्या केबलमध्ये उघड दिसतात. केबल लांब किंवा हलकी असेल तर अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली पडते. ज्यांच्या घरी छतावर अँटेना होता त्यांना हे ‘भूत’ ओळखीचं असेल. तारेची विद्युत-बाधा टोकाशी जुळली नाही (व्हीजीएत ती ७५ ओहम असते) तर सिग्नलचा काही भाग परत फिरतो आणि उशिरा पोचतो, तीच ती सावली.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. डहाणूच्या खाऱ्या हवेत पिना गंजतात. व्हीजीएत एका रंगाची पिन गेली तरी चित्र येत राहतं, फक्त रंग बिघडतो. निळा गेला तर पडदा पिवळट, हिरवा गेला तर जांभळट-गुलाबी, लाल गेला तर हिरवट-निळा. मॉनिटर खराब झाला म्हणून टाकून देण्याआधी केबल काढून पुन्हा घट्ट बसवा आणि दोन्ही स्क्रू आवळा. डिजिटल केबलमध्ये अशी हळूहळू खराबी क्वचितच दिसते. चित्र एकतर येतं, किंवा ठिपके चमकतात, पडदा मधेच जातो.

व्हीजीएच्या करारात एक कलम नंतर घातलं गेलं. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवलं की मॉनिटरने आपली ओळख कॉम्प्युटरला सांगावी. मी कोण, माझं रिझोल्यूशन किती, अशी १२८ बाइटांची छोटी ओळखचिठ्ठी. त्यासाठी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना वापरल्या. स्वस्त केबलमध्ये या तारा काही वेळा नसतातच. मग चित्र येतं, पण कॉम्प्युटरला मॉनिटर कोण ते कळत नाही आणि १०२४ × ७६८ च्या वर जाता येत नाही. आपण ड्रायव्हर शोधत बसतो!

पुढचा भाग भराभर. पातळ एलसीडी आले तशी कसरत हास्यास्पद झाली. कॉम्प्युटरमधलं डिजिटल चित्र अॅनालॉग करून पाठवायचं आणि मॉनिटरने ते पुन्हा डिजिटल करायचं. १९९९ मध्ये डीव्हीआय आलं, डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय. एचडीएमआय काढणाऱ्या सात कंपन्यांत हिताची, सोनी, तोशिबा, फिलिप्स अशी नावं होती, म्हणजे बहुतेक टीव्हीवाले. म्हणून तिच्यात आवाज आहे, टीव्हीचे आकार-प्रकार आहेत. कॉम्प्युटरवाल्यांनी व्हेसामार्फत २००६ मध्ये वेगळा रस्ता धरला, तो डिस्प्लेपोर्ट. यात चित्र पाकिटं करून पाठवतात, नेटवर्कसारखं. दोन्ही डिजिटल, दोन्हीतून चित्र-आवाज जातो, पण भाषा वेगळी.

माझं कोडं इथे सुटलं. डिस्प्लेपोर्ट नंतर आला, त्यामुळे त्याला आधी पसरलेल्या एचडीएमआयशी जमवून घ्यावं लागलं. म्हणून बहुतेक कॉम्प्युटरांचा डिस्प्लेपोर्ट दोन भाषा बोलतो. पुढे एचडीएमआयची साधी केबल लागली आहे हे ओळखून तो तसा सिग्नल काढतो, केबलमधली चिप फक्त व्होल्टेज जुळवते. उलट दिशेने अशी सोय नाही. लॅपटॉपच्या एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही, आणि मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयची. दुकानात कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट होता, माझ्या घरी मॉनिटरकडे. केबल तीच, दिशा उलटी. एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जायचं तर खरा भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो, त्याला बहुधा वेगळी यूएसबी पॉवर द्यावी लागते आणि किंमतही जास्त. म्हणून दुकानात ‘ही दोन टोकं असलेली केबल द्या’ असं म्हणू नका. ‘लॅपटॉपकडून एचडीएमआय, मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट’ असं दिशेसकट सांगा.

मी शेवटी टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घेतली आणि पहिल्या झटक्यात चित्र आलं. कारण टाइप-सी पोर्ट (२०१४) चित्र पाठवतो तेव्हा आतून बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्टचीच भाषा वापरतो. पण सावध राहा. हाच पोर्ट या कथेतला सगळ्यात फसवा शिक्का आहे. २४ पिनांचा एकच आकार, आत करार पाच-सहा. काही लॅपटॉपांचा टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटापुरता असतो. बाजूला डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेचं चिन्ह आहे का बघा, नाहीतर मॉडेलची माहिती वाचा. आणि फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या केबलमध्ये बहुधा वेगवान तारांच्या जोड्या घातलेल्याच नसतात. ती दोन्हीकडे बसेल, लॅपटॉप चार्जही करेल, चित्र मात्र येणार नाही.

राहिला वेगाचा हिशोब, तो स्वतः करून बघा. फोर-के म्हणजे ३८४० × २१६० ठिपके, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ठिपका २४ बिट. गुणाकार येतो सुमारे ११.९ अब्ज बिट प्रतिसेकंद. त्यात ओळींमधल्या मोकळ्या वेळेची भर आणि दर ८ बिटांमागे १० बिट पाठवण्याची पद्धत धरली की १७.८ अब्ज. एचडीएमआय २.० (२०१३) ची मर्यादा १८ का, ते आता दिसतं. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२, म्हणून तिथे फोर-के मिळतं पण सेकंदाला ३० वेळाच आणि माउस अडखळत चालतो. फुल एचडीला यातलं काहीच आड येत नाही, कपाटातली जुनी चांगली एचडीएमआय केबल पुरते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘२.१ केबल’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. केबलची अधिकृत ओळख आवृत्तीच्या आकड्याने होतच नाही, ‘हाय स्पीड’, ‘प्रीमियम हाय स्पीड’, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ अशा नावांनी होते.

२०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीए संपवू. लॅपटॉपांवरून ते जवळजवळ गेलंही. पण आपल्याकडच्या सेमिनार हॉलमध्ये छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि भिंतीतून आलेली निळी केबल अजून भेटते. व्हायवाला जाणार असाल तर बॅगेत एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर ठेवा. आणि आदल्या संध्याकाळी हॉल उघडून मागा, लावून बघा. तोही एकाच दिशेने चालतो.