हमशहरींची ‘अदालत’

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या अझरबैजान प्रांतातील हजारो गरीब शेतकरी, कारागीर अरस नदी ओलांडून रशियाच्या ताब्यातील बाकूला जाऊ लागले. तेलविहिरींवरची सर्वांत कष्टाची, कमी मजुरीची कामे त्यांच्या वाट्याला येत. लोक त्यांना ‘हमशहरी’ म्हणत. शब्द आपुलकीचा, सूर मात्र हिणवणारा.

१९०४ मध्ये बाकूत मुस्लिम समाजवाद्यांचा ‘हिम्मत’ हा गट उभा राहिला. एकेकाळी शाळामास्तर असलेले नरीमान नरीमानोव त्यात होते. या गटाच्या साथीने इराणी स्थलांतरितांनी ‘इज्तिमाईयून-ए-आमियून’ हा पक्ष काढला. १९०८ मध्ये शहाच्या फौजेने तबरीझला वेढा घातला, तेव्हा काकेशसमधून स्वयंसेवक आणि शस्त्रे सत्तारखानच्या मदतीला गेली. परदेशात मजुरी करणारा माणूस मायदेशाच्या राज्यघटनेसाठी लढत होता.

१९१७ च्या क्रांतीत बाकूच्या इराणी कामगारांनी ‘अदालत’ पक्ष स्थापला. आपल्याकडे अदालत म्हणजे कोर्ट. फारसीत तिचा मूळ अर्थ न्याय. जून १९२० मध्ये अंझलीच्या अधिवेशनात हाच पक्ष इराणचा कम्युनिस्ट पक्ष झाला.

पण न्याय दोन्हीकडे हरवला. १९३१ च्या कायद्याने इराणने अशा पक्षांवर बंदी घातली. ज्या सोव्हिएत भूमीवर त्यांनी भरवसा ठेवला, तिथेच पक्षाचे नेते सुलतानजादा यांना १९३८ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. अदालत मागणाऱ्यांना ना वतनात जागा उरली, ना परदेशात.