विरजणाने दिलेला पहिला इशारा

“डॉक्टर, दूध नीट उकळलं की त्यातली औषधंही जातात ना?” हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. उकळल्याने दुधातले रोगजंतू मरतात. पण गायीला दिलेल्या प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक्सचा) बराचसा अंश तसाच राहतो. पाश्चरीकरणानेही तो जात नाही.

ही गोष्ट आधी जाणवली ती चीज बनवणाऱ्यांना. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन स्वस्त झाले. गायीची कास सुजली (कासदाह, म्हणजे आपल्या गोठ्यातली ‘दगडी’) की ते थेट सडातून सोडण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रुळली. गाय बरी होई, पण पुढच्या काही वेळच्या दुधात औषध उतरे. अशा दुधाला चीजचे विरजण लागेना. विरजण म्हणजे जिवंत जिवाणूच. पेनिसिलिन त्यांनाही सोडत नव्हते.

मग आरोग्याचा प्रश्न पुढे आला. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना दुधातल्या अंशानेही अंगावर पुरळ उठू शकते. 1950च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला बाजारातल्या दुधात पेनिसिलिन सापडले. 1957 मध्ये सडातून द्यायच्या पेनिसिलिनच्या एका मात्रेवर 1 लाख युनिटची मर्यादा आली. 1990च्या दशकात तिथे दुधाचा प्रत्येक टँकर तपासला जाऊ लागला.

गंमत म्हणजे तपासणीची एक लोकप्रिय पद्धत त्या न लागलेल्या विरजणासारखीच आहे. जिवाणू घातलेल्या जांभळ्या माध्यमात दूध टाकतात. जिवाणू वाढले तर आम्ल तयार होऊन रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात औषध असल्याची शंका!

आज ॲलर्जीइतकीच काळजी आहे ती औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची. भारतात 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त आढळली. प्रमाण सुमारे 1.2 टक्के, घाबरून दूध सोडण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही नको.

खरा उपाय गोठ्यातच आहे. पशुवैद्याच्या सल्ल्यानेच औषध द्यावे आणि त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्या गायीचे दूध डेअरीला घालू नये, घरातही वापरू नये. तेवढ्या दिवसांचे नुकसान शेतकऱ्याला सोसावे लागते, हे खरे. म्हणून दुधाला रास्त भाव मिळणे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. आणि दूध उकळायचेच, पण जंतूंसाठी!