कोविड मृत्यूंची आकडेवारी: नोंद कशी होते आणि आकडे कसे वाचावेत?

‘आज इतके नवे रुग्ण, इतके मृत्यू’ ही बातमी कोविडच्या काळात तुम्ही रोज ऐकली असेल. पण त्या दिवशी जाहीर झालेले सगळे मृत्यू त्याच दिवशी झालेले नसत. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या यादीत १,३२८ जुन्या मृत्यूंची एकदम भर पडली. ते आधीच झाले होते, नोंदींची पडताळणी उशिरा झाली. म्हणून एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका, सात दिवसांची सरासरी पाहा.

रुग्णसंख्या तपासण्यांवर अवलंबून असते. जून-जुलै २०२१ मधील आयसीएमआरच्या सिरो सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आढळली. नोंदलेले रुग्ण तेव्हा लोकसंख्येच्या दोन-तीन टक्केच होते.

मृत्यूंची मोजणी त्याहून अवघड. आपल्याकडे २०२० मध्ये नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाहून थोड्या अधिक मृत्यूंचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिण्याची सवय! हृदय प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते, ते कारण नव्हे. कोविडमुळे न्यूमोनिया आणि त्यातून श्वसन निकामी होऊन रुग्ण दगावला, तर मूळ कारण कोविडच. रुग्णाला आधीपासून मधुमेह असला तरी त्याने हे बदलत नाही.

ही गळती भरून काढण्यासाठी तज्ज्ञ ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजतात: साथ नसती तर जितके मृत्यू अपेक्षित होते, त्यापेक्षा किती जास्त झाले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ साठी भारतात असे सुमारे ४७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज मे २०२२ मध्ये मांडला. त्या दोन वर्षांचा अधिकृत आकडा सुमारे ४.८ लाख होता. भारत सरकारने अंदाजाची पद्धतच अमान्य केली. या अंदाजात उपचार न मिळाल्याने दगावलेले इतर आजारांचे रुग्णही येतात, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. तरीही एवढी मोठी तफावत केवळ त्याने भरून निघत नाही, असे माझे मत आहे.

तुमच्या घरी असा मृत्यू झाला असेल, तर नुसता मृत्यूचा दाखला पाहून थांबू नका. कारण डॉक्टरांनी दिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात (नमुना ४ किंवा ४अ) असते. सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तपासणीत कोविड आढळल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, कोविड मृत्यू धरला जातो. अपघात, खून किंवा विषबाधा असेल तर नाही. कारण चुकीचे नोंदले गेल्यास तक्रारीसाठी याच सूचनांनुसार जिल्हास्तरीय समित्या नेमल्या गेल्या. तपासणीचा अहवाल आणि रुग्णालयाची कागदपत्रे म्हणूनच जपून ठेवा.