निफाडचे न्यायमूर्ती आणि बापाची अट

आमच्या सायखेड्याला तालुका निफाडचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडला झाला, १८ जानेवारी १८४२ रोजी. वडील गोविंदराव तिथे नोकरीला होते. शिक्षक असताना दरवर्षी त्या दिवशी मी मुलांना रानडे सांगत असे. विद्वत्ता, समाजसुधारणा आणि शेवटी पितृभक्ती. पितृभक्तीचा भाग मला फार आवडायचा.

गोष्ट अशी. १८७३ मध्ये रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी ठरवली. मुलाने विनवण्या केल्या. मुलीच्या वडिलांनाही सांगून पाहिले, की मी सुधारक आहे, डोळे-कान अधू आहेत, उद्या विलायतेला गेलो तर प्रायश्चित्त घेणार नाही. काही चालले नाही. वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली आणि रानडे नमले. लोकांनी नावे ठेवली, तीही त्यांनी मुकाट ऐकून घेतली.

गोविंदरावांची माया खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण तिला अट होती.

ती मुलगी म्हणजे रमाबाई. लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला शिकवायला घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात ती शिकली. सासरे १८७७ मध्ये गेले. पुढे रानड्यांची बदली नाशिकला झाली, तेव्हा रमाबाई तिथे पहिल्यांदा सभेत उभ्या राहून बोलल्या. १९०१ मध्ये रानडे गेले. मग त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिले. लग्नाची ही हकीकत आपल्याला कळते ती त्यांच्याच लेखणीतून. ज्या घरात आपण नको असताना आलो, त्या घराबद्दल इतके समजून लिहायला काय लागत असेल!

आता माझे सांगतो. नातेवाईक वाचतात, त्यांना ठाऊकच आहे. २००४ च्या उन्हाळ्यात लेकीने दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केल्याचे सांगितले. मी म्हणालो, "केलंस तर या घराचा उंबरा चढू नकोस." गोविंदरावांचेच शब्द म्हणा ना! रानडे नमले, माझी लेक नाही नमली. सात वर्षे गेली. हिची आणि तिची भेट नाशिकला सीबीएसवर व्हायची. पिशवीतून पापड-कुरडया जायच्या. मला कळायचे, मी पेपरात डोके घालून बसायचो.

शेवटी मीच गेलो. जावयाने दार उघडले, वाकून नमस्कार केला आणि चपला आत घ्या म्हणाला, कुत्रे पळवते. सात वर्षांचा हिशेब कुणीच काढला नाही.

नातीला परवा ही रानड्यांची गोष्ट सांगत होतो. पितृभक्तीपाशी आलो तशी ती म्हणाली, "आजोबा, त्या अकरा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं होतं का?"

स्वयंपाकघरात लेक पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला. मी म्हणालो, "नाही गं. कुणीच नाही."